जज्जसाहेबांच्या घरी आलेली ओटी

माझ्या यजमानांनी सगळ्या नोकरीत एकदाच घरात बसून निकाल सांगितला, आणि तो सांगितला तेव्हा त्याचा कुणालाही काही उपयोग उरला नव्हता. त्या दिवशी मला जो धक्का बसला तो अजून पुरता ओसरलेला नाही. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा हे नगरकडच्या एका तालुक्याला वकिली करत होते. पुढे खालच्या कोर्टात न्यायाधीश झाले आणि मग आमचं बिऱ्हाड सुरू झालं फिरायला. खानदेश झाला, सोलापूर झालं, कोकणात एक पावसाळा असा काढला की पुस्तकांना बुरशी आली आणि ह्यांनी एकेक पुस्तक कंदिलाजवळ धरून वाळवलं. हळूहळू वर चढत गेले. नवं महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा इकडचे अधिकारी तिकडे आणि तिकडचे इकडे अशी मोठी उलथापालथ झाली, त्यात हे जिल्हा न्यायाधीश म्हणून बुलढाण्याला आले. मुलं शिकायला पुण्याला माझ्या भावाकडे होती. डोंगरमाथ्यावरचं थंड गाव, मोठा बंगला, आणि त्यात आम्ही दोघं.

दोघंच म्हणायचं कारण असं, की जज्जाच्या घरी कुणी यायचं नाही आणि जज्जाने कुणाकडे जायचं नाही, हा ह्यांचा नेम होता. तो मलाही लागू. हळदीकुंकू नाही, बारसं नाही. लग्नाला गेलंच तर अक्षता टाकायच्या आणि पंगत बसायच्या आत निघायचं. भाजीवालीने वर एक लिंबू टाकलं तरी ते परत द्यायचं. बुलढाण्याला आलो त्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आंब्यांची करंडी व्हरांड्यात ठेवून गेलं. कुणी ठेवली ते कळेना, मग परत तरी कुणाला करणार? ह्यांनी ती पट्टेवाल्याच्या डोक्यावर देऊन सरकारी दवाखान्यात पाठवली. मला एक फोड चाखू दिली नाही. करंडी गेली तरी वास दिवसभर व्हरांड्यात राहिला आणि मी दिवसभर धुसफुसत राहिले.

एकदा हे जळगाव जामोदला तिथलं कोर्ट तपासायला निघाले. सातपुड्याचा पायथा बघायचा म्हणून मीही गाडीत बसले. तिथल्या वकील मंडळींनी जेवणाचा मोठा बेत केला होता. ह्यांनी हात जोडले आणि डाकबंगल्यात मी बांधून नेलेल्या दशम्या सोडल्या. बाहेर वरणाला फोडणी बसत होती, आम्ही आत चटणी-दशमी खात होतो. निघताना एक म्हातारे वकील मला हळूच म्हणाले, "बाईसाहेब, सायबाले जेवू घातलं तं आमी काय दावा जिंकून राह्यलो काय?" मला हसू आलं. ह्यांना आलं नाही.

देवळात जायला मात्र मला मोकळीक होती. तीसुद्धा अटीवर. हे म्हणायचे, "देवस्थानाच्या जमिनीचा दावा माझ्यापुढे नसेल तोवर खुशाल जा." मी आधी थट्टा समजले. मग कळलं की ते गंभीरपणे बोलत आहेत. देवालासुद्धा पक्षकार समजणाऱ्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

त्या वर्षी ह्यांच्यापुढे एक खुनाचा खटला चालू होता. घरात हे कोर्टातलं अक्षर काढत नसत. मला सगळं कळायचं ते आमच्या पट्टेवाल्याकडून. तो सुलतानपूरचा. बंगल्यावर भाजीची पिशवी ठेवता ठेवता सगळी हकिगत सांगायचा. मेहकरकडच्या एका गावात दोन शेतं लागून होती. एक भाजीपाला पिकवणाऱ्या लहानशा घराचं, दुसरं एका मोठ्या जमीनदाराचं. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुनं भांडण. एका संध्याकाळी जमीनदाराचा भाऊ त्या धुऱ्यावर कुऱ्हाडीच्या घावाने मेलेला सापडला. पकडला तो भाजीवाल्या घरातला विशीतला मुलगा. त्याला कुऱ्हाड चालवताना पाहिलं असं सांगणारा साक्षीदार एकच होता, आणि तो जमीनदाराचाच सालदार, त्याच्याकडे वर्षाच्या कराराने राबणारा गडी.

"पोट्ट्याची माय रोज येते बाईसाहेब," पट्टेवाला म्हणाला. "मेहकरहून एसटीनं चिखली, चिखलीहून इथं. कोर्टाम्होरच्या लिंबाखाली बसून राह्यते. आत नाही येत. पोराले पिंजऱ्यात पाहवत नाही म्हणते."

मी ऐकलं आणि विसरले. खरं सांगायचं तर तो मुलगा दोषी असेल असंच मला वाटलं होतं. पकडलं आहे म्हणजे काहीतरी केलंच असेल, इतपतच माझी अक्कल.

साक्षी संपल्या. दसऱ्याच्या सुटीनंतर दोन्ही बाजूंचे वकील बोलणार आणि मग निकाल, असं ठरलं होतं. मध्ये नवरात्र आलं. अष्टमीला मी देवीच्या देवळात गेले. बायकांची ही गर्दी. मी देवीची ओटी भरून बाहेर ओवरीत आले, तोच एक बाई पुढ्यात आली. काठाचं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात सूप.

"थांबा जराशा बाई," ती म्हणाली. "देवीची भरली. आता सवाष्णीची भरतो. नाही म्हणू नका."

इकडे बायकासुद्धा 'करतो, जातो' म्हणतात, त्याची मला तोवर सवय झाली होती. आणि अष्टमीला देवीच्या दारात सवाष्ण ओटी भरायला उभी राहिली तर नाही म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. मी पदर पसरला. तिने हळदीकुंकू लावलं, खण घातला, नारळ घातला, हळकुंड-सुपारी घातली आणि ओंजळीने गहू घातले. मग ती वाकली, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "माह्या लेकराची केस तुमच्या सायबाकडं हाय. मी काही मांगत नाही बाई. सायब न्याय करतीनच. पण सवाष्णीची ओटी भरली का मनाले बरं वाटते."

मी जागच्या जागी थिजले. पदरात ओटी, कपाळाला तिचं कुंकू. तिथे ती झटकून टाकू? देवीच्या दारात? बघता बघता ती गर्दीत गेलीसुद्धा.

लपवायचं माझ्या मनातही आलं नाही. संध्याकाळी हे फिरून आले, चहा घेतला, आणि मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, सांगितलं की सुटले. ह्यांनी कप खाली ठेवला.

"कुठे आहे ओटी?"

"देवघरात."

"सुटी संपली की ती पट्टेवाल्याबरोबर कोर्टात पाठव. दोन्ही वकिलांसमोर त्या बाईला परत देऊ. तशी नोंद करतो, म्हणजे खटला पुढे चालवता येईल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "ओटी परत करतात का कुठे?"

"करावी लागेल."

"अहो, ओटी म्हणजे लाच आहे का? पसाभर गहू आणि एक नारळ!"

"लाच नाही. मला माहीत आहे, तुला माहीत आहे. पण ज्यांचं माणूस मेलं त्यांनाही ते माहीत व्हायला पाहिजे."

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुमचे नेम मी इतकी वर्षं पाळले. आंबे पाळले, हळदीकुंकू पाळलं, दशम्या खाल्ल्या. पण तिचा मुलगा पिंजऱ्यात उभा असताना भर कोर्टात तिची ओटी तिच्या पदरात परत टाकायची? ती काय समजेल? देवीने माझं पोर टाकलं असंच समजेल ना? निकालाआधीच ती मरेल. हे पाप मी करणार नाही.

"विचार कर," हे म्हणाले.

"केला."

"अजून एकदा कर. परत केलीस तर खटला माझ्याकडे राहील. नाही केलीस तर मला तो सोडावा लागेल."

"सोडा मग. तुम्हीच काय एकटे न्यायाधीश आहात? दुसरा कुणी न्याय करेल."

हे एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगत नसत. घरात नाही, कोर्टात नाही. त्या संध्याकाळी दोनदा म्हणाले, विचार कर. हे मला पुढे कितीतरी दिवसांनी आठवलं. तेव्हा मी तरातरा स्वयंपाकघरात निघून गेले आणि भांडी आपटली.

सुटी संपली आणि कोर्ट भरलं. ह्यांनी खुर्चीवर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या पत्नीने आरोपीच्या आईकडून ओटी घेतली आहे, ती परत झालेली नाही, म्हणून हा खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावा असं मी हायकोर्टाला कळवत आहे. आरोपीचे वकील चटकन उठले, म्हणाले, आमचा साहेबांवर पूर्ण विश्वास आहे. सरकारी वकीलही उठले आणि म्हणाले, आमची काही हरकत नाही, चालवावा साहेबांनीच. दोन्ही बाजूंची हरकत नाही म्हटल्यावर कुणीही पुढे गेलं असतं. हे नाही गेले. पट्टेवाला धावत बंगल्यावर आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"बाईसाहेब, सायबानं भर कोर्टात तुमची ओटी सांगितली. समदे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यले."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी ओटी! बायकांची गोष्ट, देवघरातली गोष्ट, ती ह्यांनी सरकारी कागदावर चढवली. गाव लहान. दुसऱ्या दिवशी भाजीवाली हसून म्हणाली, "तुमची ओटी मोठी गाजली वं बाई." चिखलीच्या बाजारात कापड घ्यायला गेले तर दुकानातल्या अनोळखी बायकासुद्धा मला बघून कुजबुजल्या. मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. ओटीचे गहू दळून आणले आणि त्यांच्या पोळ्या केल्या. ओटीचं धान्य सवाष्णीने खायचं असतं, टाकायचं नसतं. हे त्या पोळ्यांना शिवले नाहीत. गहू संपेपर्यंत निमूटपणे भाकरी खात राहिले आणि मी त्यांच्यासमोर बसून पोळ्या खात राहिले. आता आठवलं की हसू येतं आणि लगेच जातं.

खटला शेजारच्या जिल्ह्यातल्या न्यायाधीशांकडे गेला. मला वाटलं, संपलं. तो न्यायाधीश काय राक्षस थोडाच आहे.

होळीच्या सुमारास एका रविवारी सकाळी हे व्हरांड्यात बसले होते. पट्टेवाला गावाहून आला होता, त्याने पायरीशीच सांगितलं की त्या पोराला जन्मठेप झाली. पट्टेवाला मागच्या दाराला गेला. मी तिथेच पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होते. माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. "चला, फाशी तर नाही झाली. खून केला होता, त्या मानाने सुटला म्हणायचा."

ह्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

"त्याने केला नव्हता," हे म्हणाले. "मी त्याला सोडणार होतो."

माझ्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ पायरीवर सांडले आणि मी ते तसेच पाहत बसले. आमच्या घरात निकालाचं वाक्य कधी बोललं गेलं नव्हतं, आणि बोललं गेलं ते असं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

मग ह्यांनी सांगितलं. सालदाराची साक्ष चालू होती. त्याचा मालक मागच्या बाकावर बसला होता. प्रत्येक प्रश्नाला तो सालदार आधी मालकाकडे बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. कुऱ्हाड कोणत्या हातात होती, मालकाकडे नजर. उजेड किती होता, पुन्हा मालकाकडे नजर. एकदा मालक पान थुंकायला बाहेर गेला, तर तो परत येईपर्यंत सालदार गप्प उभा राहिला. ज्याने स्वतः पाहिलेलं असतं त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, असं हे म्हणाले.

"मग दुसऱ्या न्यायाधीशाला हे कसं कळलं नाही?"

"त्यांनी सालदाराला पाहिलंच नाही. त्यांच्याकडे गेले ते माझे कागद. त्यांनी तेच वाचले. आरोपीच्या वकिलाने सालदाराला पुन्हा बोलावण्याचा आग्रह धरला नाही."

साक्ष चालू असताना साक्षीदार वऱ्हाडीत बोलायचा आणि हे स्वतःच्या हाताने ती इंग्रजीत उतरवून घ्यायचे. तीच त्या वेळची रीत. इंग्रजीत उतरलं की सालदार ठाम बोलला असंच दिसायचं. नजर कागदावर उतरत नाही.

"तुम्ही लिहून का नाही ठेवलं? शेरा मारायला हात मोडला होता का?"

"तेव्हाच लिहिलं असतं तर मालक सावध झाला असता. पुढच्या साक्षीदारांना नीट पढवून आणलं असतं. म्हटलं, निकालात लिहीन. निकाल माझ्याच हातात आहे असं धरून चाललो होतो."

"मग ओटीनंतर तरी लिहायचं."

"ओटीनंतर? ज्याच्या आईची ओटी माझ्या घरात, त्याच्या बाजूने मी कागदावर काही लिहायचं? कोण विश्वास ठेवेल?"

तेव्हा मला ते दोन वेळचं 'विचार कर' आठवलं. मग जो संताप आला तो मी आवरला नाही. मी म्हटलं, "त्या संध्याकाळी एक शब्द बोलला असतात तर? नुसतं एवढंच, की ही ओटी परत कर, त्यात त्या पोराचं भलं आहे. मी स्वतः चालत जाऊन ती ओटी परत केली असती. तिच्या पाया पडून केली असती."

"निकाल घरात सांगता येत नाही."

"आता कसा सांगितलात?"

"आता खटला माझा नाही."

असलं उत्तर. आणि ते देऊन हे सांडलेले तांदूळ एकेक करून वेचू लागले. मी भांडायची थांबले ते त्या हातांकडे बघून. मला इतकी वर्षं वाटायचं की ह्या माणसाला नेम पाळताना काही लागत नाही, दुखत नाही. आम्ही दोघं त्या सांडलेल्या तांदळात बसलो होतो आणि दोघांनाही काय करावं ते सुचत नव्हतं. मी म्हटलं, हायकोर्टाला लिहा. ह्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हटलं, तिच्या वकिलाला निरोप धाडा, अपिलात सांगा म्हणावं. त्यालाही मान हलवली. न्यायाधीशाने एका बाजूच्या वकिलाला गुपचूप निरोप धाडायचा म्हणजे मग उरलं काय?

मी चुकले का? पुष्कळ विचार केला. अष्टमीची ओटी घेतली ह्यात चूक नाही. ती परत केली नाही ह्यातही मला आजवर चूक दिसलेली नाही. ह्यांनी लपवलं नाही, तेही बरोबर. ज्याने त्याने आपापलं बरोबर केलं आणि ते पोर तुरुंगात गेलं. ह्या गोष्टीचा मला आजही धक्का बसतो. कुणीतरी वाईट वागलं असतं तर मला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. तो जमीनदार आणि त्याचा सालदार होते, नाही असं नाही, पण त्यांना शिव्या देऊन माझं समाधान होत नाही.

त्यानंतर ह्यांचं कामाचं वळण बदललं. साक्षीदार कसा उभा राहिला, कुठे पाहिलं, केव्हा अडखळला, ते सगळं तिथल्या तिथे समासात लिहू लागले. वकील मागून थट्टा करायचे की साहेबांच्या कोर्टात खोकायचीही चोरी, तेही लिहून ठेवतील. काम लांबायचं. वरून विचारणा व्हायची की तुमच्याकडे खटले इतके का तुंबतात. मोठ्या जागेसाठी नाव पुढे जाईल असं लोक म्हणत होते, ते कधी गेलं नाही. ह्यांना त्याचं काही वाटल्याचं मला दिसलं नाही.

आणखी वर्षभराने बदलीचा हुकूम आला. त्याआधीच पट्टेवाल्याकडून कळलं होतं की नागपूरला त्या पोराचं अपीलही फेटाळलं गेलं. सामानाचा ट्रक बंगल्यासमोर उभा होता, हमाल पुस्तकांच्या पेट्या चढवत होते. सकाळचे दहा वाजले असतील. फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. मी लगेच ओळखलं. पट्टेवाला तिला अडवायला निघाला तर व्हरांड्यातून हे म्हणाले, "येऊ दे तिला." आमच्या फाटकातून पक्षकार आत येण्याची ती पहिलीच वेळ. केस संपली होती म्हणून असेल.

ती वाळली होती. पायरीपाशी आली आणि माझ्या पायाशी वाकली. मी तिला मध्येच धरलं. मला वाटलं, आता ही बोलेल, माझ्या पोराचं वाटोळं केलं म्हणेल, आणि तसं म्हणावंच असं मला वाटत होतं.

ती म्हणाली, "तुमी चालल्या असं ऐकलं म्हणून आलो. तुमचे उपकार सांगाचे राह्यले होते."

"कसले उपकार बाई?"

तिने व्हरांड्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आवाज बारीक केला. पण हे तिथेच होते, ऐकू जात होतं. "राग नका मानू. समदे मले म्हणत होते, हा सायब लई कडक हाय, ह्याच्या हातून तुह्या लेकराले फाशीच व्हते. तुमी माही ओटी घेतली, माघारी नाही देल्ली. म्हणून केस दुसरीकडं गेली अन् फाशी टळली. जन्मठेपीतून मानूस कवा ना कवा घरी येते. मी रोज देवीम्होरं तुमचं नाव घेतो बाई. माह्या पोराचा जीव तुमच्यानं वाचला."

तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं. तुरुंगात त्याला बगीच्यात कामाला लावलं आहे, वांगी मस्त येतात त्याच्या हातची, असं ती सांगत होती आणि मला ते दूरवरून ऐकू येत होतं. मला ते सहन होईना. मी आयुष्यात मनात आलेलं गिळलेलं नाही. ह्यांनी तर पसाभर गव्हाची गोष्टसुद्धा भर कोर्टात सांगितली होती. तिला खरं कळायला नको? मी तोंड उघडलं. म्हटलं, "बाई, ऐका..."

तेवढ्यात माझ्या दंडावर हात आला. हे केव्हा उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले ते मला कळलंही नव्हतं. चारचौघांत ह्यांनी मला कधी हात लावला नव्हता. दंड असा घट्ट धरला की दुखलं.

"मुलाला भेटत जा," हे तिला म्हणाले.

"हाव सायब. जातो ना. दर खेपेले जातो."

ती हात जोडून वळली. हमालांमधून वाट काढत फाटकापर्यंत गेली, तिथून पुन्हा एकदा वळून मला हसली आणि एसटीच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत ह्यांनी माझा दंड सोडला नाही.

"तेवढं तरी तिला राहू दे," हे म्हणाले, आणि आत जाऊन रिकाम्या खोलीचं दार लावून घेतलं.